लग्नाच्या पॅकेजमधला ‘कँडिड’ शब्द आला कुठून? अंधाऱ्या खोल्यांमध्ये फ्लॅशशिवाय फोटो काढणाऱ्या एरिश सालोमन यांची गोष्ट

लग्नासाठी फोटोग्राफर ठरवायला गेलं की पहिला प्रश्न हमखास येतो. ट्रॅडिशनल हवं की कँडिड? कँडिडचे पैसे वेगळे, माणूस वेगळा आणि लेन्सही वेगळी.

त्यात हॉल बंदिस्त असेल तर नवशिक्या फोटोग्राफरची खरी परीक्षा सुरू होते. डोळ्यांना हॉल झगमगीत दिसतो, पण कॅमेऱ्याला तो अंधाराच वाटतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने फोटो काढले तर ते हलतात, नाहीतर दाणेदार येतात. फ्लॅश मारला की चेहरे पांढरेफटक पडतात आणि नवरीच्या मावशीच्या डोळ्यांतलं पाणी टिपायच्या आत ती कॅमेऱ्याकडे बघून हसू लागते.

मग स्वस्तात चांगली लेन्स कोणती, याचा शोध सुरू होतो.

नेमका हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या एका वकिलीच्या डॉक्टरेटला पडला होता. त्याला लग्नं नाही, तर कोर्ट आणि राजकीय परिषदा टिपायच्या होत्या. बाकी अडचणी त्याच होत्या. खोली बंद, उजेड कमी, फ्लॅश वापरायची सोय नाही आणि समोरच्यांना आपण फोटो काढतोय हे कळता कामा नये. त्याने शोधलेल्या उत्तरातूनच कँडिड हा शब्द फोटोग्राफीत रुळला.

त्याचं नाव डॉ. एरिश सालोमन. फोटो-पत्रकारितेच्या इतिहासातलं हे मोठं नाव. त्यांनी लेन्स कशी निवडली आणि त्या निवडीची किंमत कशी मोजली, हे समजून घेतलं तर आजची लेन्स निवडणंही सोपं होतं.

बँकरचा मुलगा, पण खिसा रिकामा

सालोमन यांचा जन्म २८ एप्रिल १८८६ रोजी बर्लिनमध्ये झाला. घराणं ज्यू, वडील बँकिंगमध्ये आणि घरात सुबत्ता. तरुण एरिश यांनी आधी प्राणिशास्त्र शिकून पाहिलं, मग इंजिनिअरिंगकडे वळले आणि शेवटी कायद्यात डॉक्टरेट मिळवली. त्यामुळे पुढे आयुष्यभर सगळे त्यांना डॉ. सालोमन म्हणूनच ओळखायचे.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. सालोमन सैन्यात गेले आणि सुरुवातीच्याच काळात फ्रेंचांच्या हाती सापडले. पुढची चार वर्षं त्यांनी युद्धकैदी म्हणून काढली. तिथे ते दुभाष्याचं काम करू लागले आणि त्यांचं फ्रेंच पक्कं झालं. ही भाषा पुढे त्यांच्या किती कामी येणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

युद्ध संपल्यावर घरी परतले, तर जर्मनीत महागाईने कहर केला होता. नोटांची किंमत रद्दीइतकी झाली. घराण्याची संपत्ती त्यात विरघळून गेली. लग्न झालेलं होतं, पत्नी मॅगी नेदरलँड्सच्या होत्या आणि पदरात दोन मुलं होती. सालोमन यांना मिळेल ते काम करणं भाग होतं.

त्यांनी शेअर बाजारात नशीब आजमावलं, इतर धंद्यांत हात घातला. मग गाड्या आणि साइडकारवाल्या मोटारसायकली भाड्याने देण्याचा व्यवसाय काढला. त्याची जाहिरात मात्र भन्नाट होती. प्रवास करता करता कायद्याचा डॉक्टर तुम्हाला पैशाच्या घसरत्या किमतीबद्दल सल्लाही देईल, अशा आशयाची. धंदा फार चालला नाही, पण जाहिरात बर्लिनमधल्या उल्श्टाइन या बड्या प्रकाशन संस्थेच्या नजरेत भरली आणि तिथल्या प्रसिद्धी विभागात सालोमन यांना नोकरी लागली.

१९२७ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या हातात कॅमेरा आला. याची एक गोष्ट सांगितली जाते. एका रविवारी बर्लिनमध्ये वादळ झालं, झाडं उन्मळून पडली. सालोमन यांनी एका फोटोग्राफरला गाठून फोटो काढून घेतले आणि ते विकले. मिळालेल्या पैशातला बहुतेक वाटा फोटोग्राफरच्या खिशात गेला. मग हे काम आपणच का करू नये, असा साधा हिशोब त्यांनी केला.

सगळे वापरत होते तो कॅमेरा त्यांनी का घेतला नाही?

त्या काळातल्या प्रेस फोटोग्राफरचा कॅमेरा म्हणजे मोठं धूड. त्यात मोठ्या काचेच्या प्लेट लागायच्या. घरात किंवा सभागृहात फोटो काढायचा तर मॅग्नेशियमची पावडर पेटवायची. मोठा लखलखाट व्हायचा, पाठोपाठ धूर आणि वास. एक फोटो निघाला की सगळ्या खोलीला कळायचं. कोर्टात किंवा मंत्र्यांच्या बैठकीत असं कोण चालवून घेणार?

सालोमन यांनी वेगळा कॅमेरा निवडला. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने १९२४ मध्ये एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला होता. प्लेट फक्त ४.५ बाय ६ सेंटिमीटरची. पण खरी गंमत त्याच्या लेन्समध्ये होती. लुडविग बेर्टेले या विशीतल्या तरुणाने तयार केलेली ती लेन्स एर्नोस्टार नावाने ओळखली जायची. तिचं अ‍ॅपर्चर होतं एफ/२, आणि नंतरच्या आवृत्तीत एफ/१.८.

हा आकडा ओळखीचा वाटतो ना? आज बाजारात सगळ्यात स्वस्त प्राइम लेन्स म्हणून मिळणाऱ्या ५० मिलिमीटरच्या लेन्सवरही एफ/१.८ हाच आकडा असतो.

तर हा आकडा नेमका काय सांगतो, ते आधी बघू.

लेन्सच्या फोकल लेंग्थला तिच्या उघडलेल्या तोंडाच्या रुंदीने भागलं की एफ नंबर मिळतो. १०० मिलिमीटरची लेन्स एफ/२ असेल तर तिचं तोंड ५० मिलिमीटर उघडतं. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं आणि तितका उजेड जास्त.

उजेडाचा हा फरक सरळ नाही, तर वर्गाच्या पटीत वाढतो. त्या काळात एफ/४.५ ही लेन्सही चांगली मानली जायची. एफ/४.५ आणि एफ/२ यांची तुलना केली तर दुसरी लेन्स सुमारे पाचपट उजेड आत घेते. म्हणजे ज्या खोलीत एफ/४.५ च्या लेन्सला पूर्ण एक सेकंद लागेल, तिथे एर्नोस्टारचं काम सेकंदाच्या पाचव्या भागात होईल. एका सेकंदात माणूस हलतोच. पाचव्या भागात तो स्थिर राहण्याची शक्यता तरी असते.

हाच हिशोब आजच्या लग्नाच्या हॉलमध्ये करून बघा. साधी किट लेन्स झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर जातं. त्याऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली तर जवळपास दहापट उजेड मिळतो. किट लेन्सने आयएसओ ६४०० ठेवावा लागत असेल, तर त्याच शटर स्पीडला आता सुमारे ६४० वर काम भागतं. नवी बॉडी घेऊन हा फरक इतक्या कमी पैशात मिळत नाही. म्हणून बजेट तुटपुंजं असेल तर आधी लेन्स, मग बॉडी.

मग इतर फोटोग्राफर आपल्या मोठ्या कॅमेऱ्यालाच एफ/२ ची लेन्स का लावत नव्हते? कारण पुन्हा तोच भागाकार. मोठ्या प्लेटला लांब फोकल लेंग्थ लागते. २१० मिलिमीटरची लेन्स एफ/२ करायची तर तिचं तोंड १०५ मिलिमीटर हवं. एवढी मोठी भिंगं घासायची, त्यातले दोष काढायचे आणि ते वजन उचलून फिरायचं, हे परवडणारं नव्हतं. प्लेट लहान केल्यामुळेच मोठ्या तोंडाची लेन्स आवाक्यात आली. आजही हे सूत्र बदललेलं नाही. एफ/१.८ ची ५० मिलिमीटरची लेन्स स्वस्त असते आणि एफ/२.८ ची ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स महाग असते, यामागे भिंगांचा आकार आणि संख्या हे मोठं कारण आहे.

टोपीला भोक पाडून काढलेला फोटो

१९२८ मध्ये सालोमन यांनी थेट कोर्टात कॅमेरा नेला. जर्मनीत एका खून खटल्याची चर्चा होती आणि कोर्टात फोटो काढायला मनाई होती. सालोमन यांनी आपल्या गोल टोपीला भोक पाडलं आणि त्याआड एर्मानॉक्स लपवला. दुसऱ्या एका खटल्यात त्यांनी कॅमेरा हातातल्या बॅगेत ठेवला. उल्श्टाइनच्या ‘बेर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ या प्रचंड खपाच्या साप्ताहिकात हे फोटो छापून आले आणि सालोमन एका झटक्यात प्रसिद्ध झाले. थोड्याच काळात त्यांनी फोटोग्राफी हाच पूर्णवेळ व्यवसाय केला.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियां करारावर सह्या होणार होत्या. युद्ध हा धोरणाचा मार्ग म्हणून वापरायचा नाही, असं १५ देश लिहून देणार होते. सालोमन तिथेही पोहोचले. पोलंडच्या प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन ते शांतपणे बसले आणि फोटो काढले, असं सांगितलं जातं.

हे जमायचं कसं? अंगावर उत्तम शिवलेला सूट, वागण्यात खानदानी अदब आणि जिभेवर जर्मन, फ्रेंच, इंग्रजी. दारावरच्या माणसाला ते फोटोग्राफर वाटायचेच नाहीत, एखाद्या देशाचे राजदूत वाटायचे. युद्धकैदेत पक्की झालेली फ्रेंच इथे उपयोगी पडली.

पण दारातून आत जाणं हा झाला अर्धा भाग. आत गेल्यावर काम लेन्सचं होतं, आणि त्या लेन्सने आपली किंमत वसूल केली.

मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमत पैशात संपत नाही

लेन्सचं तोंड जितकं जास्त उघडतं, तितका फोकसमध्ये राहणारा पट्टा पातळ होतो. याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. एर्मानॉक्सवर १०० मिलिमीटरची लेन्स एफ/२ ला उघडली, तर तीन-चार मीटर अंतरावर हा पट्टा जेमतेम अर्धा ते एक फुटाचा उरतो. बोलता बोलता मंत्री पुढे झुकला की चेहरा फोकसबाहेर.

त्यात भर म्हणजे प्रत्येक फोटोला नवी काच घालावी लागायची. एकापाठोपाठ एक दहा फोटो काढून त्यातला बरा निवडायची चैन नव्हती. ऑटोफोकसचा प्रश्नच नव्हता. त्या काळच्या प्लेट आजच्या सेन्सरच्या मानाने फारच मंद होत्या, त्यामुळे एफ/२ असूनही शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागायचं. भिंगांवर परावर्तन रोखणारा लेपही नव्हता, तो शोध १९३५ च्या सुमाराचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड वाया जायचा, आणि तोच उजेड आत इकडेतिकडे फिरून चित्र फिकं करायचा.

सालोमन यांनी यावर उपाय शोधला तो वाट पाहण्याचा.

शक्य असेल तिथे ते कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचे. अंतर आधीच ठरवून फोकस लावून ठेवायचे. आणि मग बघत बसायचे. माणूस कितीही हातवारे करत असला तरी मध्येच क्षणभर थांबतो. ऐकताना थांबतो, उत्तर देण्याआधी थांबतो, हसू ओसरताना थांबतो. तो थांबला की ते शटर दाबायचे.

जानेवारी १९३० मध्ये हेगला युद्ध-भरपाईवर परिषद चालू होती. मध्यरात्र उलटून गेली तरी चर्चा संपेना. सालोमन यांनी त्या वेळी काढलेल्या फोटोत फ्रान्स आणि जर्मनीचे मंत्री खुर्च्यांत आणि सोफ्यावर थकून रेलले आहेत, कुणाचे डोळे मिटलेत. युरोपचं भवितव्य ठरवणारी माणसं अशी जनतेने कधी पाहिलीच नव्हती. खोलीतल्या दिव्यांच्या उजेडावर तो फोटो निघाला. फ्लॅशची पावडर पेटली असती तर सगळे ताठ बसले असते आणि फोटोत सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

याच सुमारास लंडनच्या ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात सालोमन यांच्या फोटोंसाठी कँडिड कॅमेरा हा शब्दप्रयोग वापरला गेला. पुढे तो जगभर पसरला आणि फिरत फिरत आपल्याकडच्या लग्नाच्या पॅकेजपर्यंत आला.

एव्हाना नेतेही त्यांना ओळखू लागले होते. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियां त्यांना गमतीने आगाऊ माणसांचा राजा म्हणत. १९३१ मध्ये पॅरिसच्या परराष्ट्र मंत्रालयात ब्रियां यांनी गर्दीत लपलेल्या सालोमन यांना हेरलं आणि हसत त्यांच्याकडे बोट दाखवलं. नेमक्या त्याच क्षणी सालोमन यांनी शटर दाबलं. तो त्यांचा सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक ठरला. त्याच वर्षी त्यांच्या फोटोंचं पुस्तकही जर्मनीत निघालं.

अमेरिकेत तर त्यांनी कमाल केली. हात मोडल्याचं सोंग घेऊन, झोळीत कॅमेरा लपवून ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शिरले आणि कामकाज चालू असताना न्यायमूर्तींचा फोटो काढला. तो १९३२ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात छापला गेला.

मग लग्नासाठी लेन्स कशी निवडायची?

सालोमन यांच्या पद्धतीतून निघणारे मुद्दे आजच्या हॉलला जसेच्या तसे लागू होतात.

पहिला मुद्दा जागेचा. आपण कुठे उभे राहणार, हे आधी ठरवा आणि मग फोकल लेंग्थ निवडा. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स साधारण ७५ ते ८० मिलिमीटरसारखी दिसते. एका चेहऱ्यासाठी ती छान. पण मंडपाभोवती नातेवाइकांचं कडं पडलेलं असेल आणि मागे सरकायला जागाच नसेल, तर तीच लेन्स अडचणीची होते. अशा वेळी एफ/१.८ किंवा एफ/२ ची ३५ मिलिमीटर जास्त उपयोगी. घरी किट लेन्स असेल तर ती आधी ३५ वर आणि मग ५० वर लावून हॉलमध्ये फिरून बघा. पैसे खर्च न करता उत्तर मिळतं.

दुसरा मुद्दा पट्ट्याचा. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ ला उघडून दोन मीटरवरून फोटो काढला, तर फोकसचा पट्टा चार-पाच इंचांचा असतो. एकट्या नवरीसाठी ठीक. पण शेजारी नवरदेव अर्धा फूट मागे उभा असेल तर तो धूसर होणार. दोघं असतील तर एफ/२.८ पर्यंत या किंवा दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असे उभे राहा. कुटुंबाच्या फोटोला याहूनही जास्त बंद करावं लागतं, आणि तिथे फ्लॅश वापरायला काहीच हरकत नाही. तो फोटो कँडिड नसतोच.

तिसरा मुद्दा हालचालीचा. लेन्समध्ये किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर ते आपल्या हाताची थरथर थांबवतं. समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. त्यासाठी अ‍ॅपर्चरच लागतं. किंवा सालोमन यांच्यासारखं थांबण्याची वाट बघणं. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधू-वर जवळपास निश्चल उभे असतात. तिथे सेकंदाचा साठावा भागही पुरू शकतो. अंतरपाट दूर होऊन हार घालायची वेळ आली की मात्र २५० व्या भागाच्या आसपास जावं लागतं. कोणता क्षण कधी येणार हे लग्नात आधीच माहीत असतं, त्याचा फायदा घ्या.

चौथा मुद्दा दिव्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे दिसू शकतात. पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणून बघा. इतक्या शटरला आयएसओ खूप वाढवावा लागू नये, म्हणूनही मोठं अ‍ॅपर्चर हवं.

पाचवा मुद्दा सेकंडहँडचा. एफ/१.८ च्या प्राइम लेन्स वापरलेल्या बाजारात भरपूर मिळतात. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा प्रकार फार होतो, अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का, ऑटोफोकस चालतो का, हे आपल्याच बॉडीवर लावून तपासा. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. एकाच लग्नापुरती गरज असेल तर लेन्स भाड्याने घेणं सगळ्यात स्वस्त.

स्वतः सालोमनही एका लेन्सला चिकटून बसले नाहीत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लायकाकडे वळले. लायकात फिल्मचा रोल असायचा आणि एका रोलवर ३६ फोटो निघायचे. दर फोटोला काच बदलण्याच्या कटकटीतून सुटका झाली. बेर्टेले यांनीही एर्नोस्टारच्या पायावर पुढे झाइससाठी सोनार ही लेन्स तयार केली आणि एफ/२ व एफ/१.५ चं अ‍ॅपर्चर लहान फिल्म कॅमेऱ्यावर आलं.

उजेड असतानाच निसटायची संधी होती

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू असलेल्या सालोमन यांना बर्लिनमध्ये काम करणं अशक्य झालं. ते कुटुंबासह पत्नीच्या देशात, नेदरलँड्समध्ये गेले आणि हेगमध्ये राहू लागले. याच शहरात तीन वर्षांपूर्वी त्यांनी झोपाळलेले मंत्री टिपले होते. तिथेही त्यांचं काम चालू राहिलं. अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाकडून त्यांना बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या. हळूहळू ज्यू लोकांवरची बंधनं वाढत गेली. १९४३ मध्ये सालोमन, पत्नी मॅगी आणि धाकटा मुलगा डर्क यांनी लपून राहायचा निर्णय घेतला. थोरला मुलगा ओटो तोवर लंडनमध्ये होता.

मोठमोठ्या परिषदांमध्ये कुणाच्या लक्षात न येता वावरणारा हा माणूस शेवटी सापडला तो गॅसच्या मीटरमुळे. मीटर तपासायला आलेल्या माणसाला त्या घरातला गॅसचा वापर नेहमीपेक्षा जास्त दिसला आणि त्याने खबर दिली, असं सांगतात. तिघांना पकडण्यात आलं. वेस्टरबोर्क, थेरेझिएनश्टाट आणि मे १९४४ मध्ये आउशविट्झ असा त्यांचा प्रवास झाला. उपलब्ध नोंदीनुसार ७ जुलै १९४४ रोजी आउशविट्झमध्ये सालोमन यांना मारण्यात आलं. ते ५८ वर्षांचे होते. मॅगी आणि डर्कही वाचले नाहीत.

पकडले जाण्याआधी सालोमन यांनी आपल्या निगेटिव्ह लपवून ठेवल्या होत्या. काही डच संसदेच्या ग्रंथालयात, काही जमिनीत पुरून. युद्ध संपल्यावर ओटो, जे पुढे पीटर हंटर या नावाने ओळखले गेले, त्यांनी त्या शोधून काढल्या. जमिनीतल्या काही ओलाव्याने खराब झाल्या होत्या. उरलेल्या त्यांनी आयुष्यभर सांभाळल्या, प्रदर्शनं भरवली, पुस्तकं काढली.

आज तो संग्रह बर्लिनच्या बर्लिनिशे गॅलरी या संग्रहालयात आहे. जर्मन फोटोग्राफी सोसायटी १९७१ पासून फोटो-पत्रकारितेसाठी डॉ. एरिश सालोमन पुरस्कार देते.